शेकपेटी

राणीसावरगाव, आषाढ शुद्ध ३, शके १८६०

आज मुक्कामी पोचलो. गंगाखेडहून पहाटे गाडी जोडली, दिवस कलायच्या आत गावात. गाडीत मी आणि माझ्या हातचा माल. त्याची नोंद आधी करतो.

घडीचं सागवानी टेबल, खिळा एकही नाही. घासलेटच्या डब्यापासून केलेलं हत्यारं उकळायचं भांडं, झाकणाच्या बिजागरीसकट. पट्ट्या गुंडाळायचा हातरहाट. गुंजेचाही फरक दाखवणारा पितळी काटा. कुबड्यांचे दोन जोड, उंची कमीजास्त होणारे. आणि शेकपेटी.

शेकपेटीबद्दल दोन ओळी जास्त. निजाम सरकारच्या सगळ्या मुलखात अशी दुसरी नसावी. डब्यांचा पत्रा जोडून केलेली पेटी, वर पाय घालायला दोन गोल भोकं, काठांना घोंगडीची किनार. तळाशी निखाऱ्यांचा खण, त्यावर चार बोटं वाळू, वाळूवर तारेची जाळी. माणसाने बाकावर बसून पाय आत सोडायचे. दहा मिनिटांत गारठा पार. तीन वेळा बिघडली, चौथ्यांदा जमली.

दवाखाना किशनरावांनी आपल्या वडिलांच्या नावाने काढला आहे. गावातले मोठे जमीनदार, माणूस मोकळा. बाजाराच्या तोंडाला दोन खोल्या, पुढची रोग्यांची, मागची माझी. खाली शहाबादी फरशी, पुढच्या खोलीत एकोणतीस लाद्या. डॉक्टर मुनीरसाहेब गंगाखेडहून दर दुसऱ्या बाजाराला येणार. मधल्या दिवसांत मीच. माझी शाळा चौथीपर्यंत. लष्करी दवाखान्यात अठरा वर्षं काढली, झाडू मारण्यापासून मलमपट्टीपर्यंत. इंग्रजी अक्षरं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून शिकलो. सर्टिफिकेट नाही. हात आहे.

गावचे लोक मला डाक्टर म्हणायला लागलेत. दोनदा दुरुस्त केलं, कंपाउंडर म्हणा म्हटलं. तिसऱ्यांदा केलं नाही.

आषाढ वद्य ६

जागा मानवली. पहाटे फरशी धुतो, भांडी उकळतो, आठला दार उघडतो. आजवर त्रेसष्ट रोगी.

आज लिंबाजीराव आले. साठीला टेकलेले, भरदार अंगाचे, स्वतःचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. मागे बायको कस्तुराबाई आणि मुलगा आश्रुबा. आल्या आल्या म्हणाले, "कंपोंडर, मी जिथं लघवीला बसतो तिथं मुंग्यांची जत्रा भरायलीय. बायकू म्हणती देवाचा कोप हाय. मी म्हणतो गुळाचा हाय." अख्खा दवाखाना हसला. कस्तुराबाई दाराआडून म्हणाल्या की गूळ कमी खा म्हटलं तर माझ्यावरच वरडत्यात, आता तुमीच सांगा दादा. मला त्या पहिल्याच दिवशी दादा म्हणाल्या.

तपासणी केली. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर ऊन. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी भट्टीतल्या विटेसारखं लाल. लिंबाजीराव नळीकडे बघून म्हणाले, "ह्ये तर आमच्या काकवीवानी दिसायलंय." साखरेचा आजार. वहीत लिहून ठेवला.

श्रावण शुद्ध १०

डॉक्टरसाहेबांनी लिंबाजीरावांना तासभर तपासलं. या आजारावर सुई निघाली आहे म्हणे, पण ती हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात. तोवर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, गूळ बंद. लिंबाजीरावांनी गूळ बंद म्हटल्यावर पटका काढून मांडीवर ठेवला, कोणी गेल्याची बातमी आल्यासारखा.

मग डॉक्टरसाहेबांनी त्यांचे डोळे फडक्याने झाकायला लावले आणि मला कोंबडीचं पीस दिलं. तळव्यावरून फिरवायचं आणि विचारायचं, लागतंय का. टाचेपासून बोटांपर्यंत फिरवलं. दोन्ही पायांना काही कळलं नाही. उजव्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, अर्ध्या इंचाला थोडा कमी. किती दिवस होता, त्यांना खबर नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते शब्दाला शब्द उतरवतो. हे पाय झोपले आहेत. झोपलेल्या माणसाचं घर जळलं तरी त्याला कळत नाही. रोज पाय बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, अनवाणी एक पाऊल नाही, भेगांना तेल. पाय धुवायचं पाणी कोमट, तेही दुसऱ्याने हात घालून बघितलेलं. आणि शेक कधीही द्यायचा नाही. हे म्हणताना ते माझ्या पेटीकडे बघत होते.

शेकाचं सोडून बाकी सगळं मी कस्तुराबाईंना सांगितलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रोज पाणी मी हात घालून बघीन, म्हणाल्या.

लिंबाजीरावांसाठी मऊ वहाणा करतो आहे. कातडं गावातल्या कारागिराचं, आत घोंगडीचा थर माझा. त्यासाठी बाभळीच्या लाकडाची कलबुतं कोरली, त्यांच्या पायाचे हुबेहूब साचे. उजवं नऊ इंच तीन पाव. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, तीही कोरली.

श्रावण वद्य ८

हवेत ओल. लिंबाजीरावांचे पाय गार पडतात. रात्रभर बर्फाच्या लादीवर ठेवल्यागत वाटतं म्हणे, झोप नाही. कळत काही नाही आणि गारठा मात्र कळतो, हा या आजाराचा चमत्कारच.

मी विचार केला. डॉक्टरसाहेब पुस्तकातून शिकले, मी पायांतून. अठरा वर्षांत किती गारठलेले पाय या हातांनी ऊबेला आणले त्याची गणती नाही. पेटी तापवली, जाळीवर कोपर टेकवून बघितलं. हा माझा नियम, आधी माझं कोपर, मग रोग्याचा पाय. नुसती ऊब होती. पंधरा मिनिटं दिला. लिंबाजीरावांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी घोरायला लागले.

भाद्रपद शुद्ध २

लिंबाजीराव रोज येतात. सकाळी दहाला बाकावर, पाय पेटीत, तोंड सुरू. हा माणूस आला की दवाखान्यात हसणं सुरू होतं. काल कस्तुराबाईंना म्हणाले, "तुझ्या चुलीपरीस ह्येंची पेटी बरी. ऊब देती आन बोलत न्हाई." त्या म्हणाल्या, मग जेवायला पण पेटीलाच वाढायला सांगा.

वहाणा तयार झाल्या. एक टाकाही वाकडा नाही. शेकाबद्दल रजिस्टरात लिहीत नाही. डॉक्टरसाहेबांना कशाला उगाच.

भाद्रपद शुद्ध ९

आज पेटीची फार वाहवा झाली. किशनरावांकडे परभणीचे पाहुणे आले होते, एक वकील, एक तहसीलचे अंमलदार. किशनराव त्यांना मुद्दाम पेटी दाखवायला घेऊन आले. मी परीटघडीचा कोट घालून तयार होतो. लिंबाजीराव बाकावर. पेटी किती वेळ ऊब धरते असं वकिलांनी विचारलं, मी म्हटलं घड्याळ लावा. बावीस मिनिटं. अंमलदार म्हणाले, असा माणूस खेड्यात कशाला.

भाद्रपद शुद्ध १०

उजव्या तळव्यावर फोड. सुपारीएवढे तीन, एक फुटलेला. रात्री पाय पुसताना कस्तुराबाईंनी पाहिले. डाव्यावर नुसती लाली.

काल कोपर लावलं नाही. बाही वर सारावी लागली असती, इस्त्री मोडली असती. म्हणून लिंबाजीरावांनाच विचारलं, सोसतंय का. ते म्हणाले, "घाला की आजून. काईच लागंना." सगळे हसले, मीही हसलो. आणि निखाऱ्यांचं दुसरं फावडं घातलं. ज्या पायांवरून मी स्वतः पीस फिरवलं होतं, त्यांनाच विचारलं.

सकाळी आश्रुबाने विचारलं, साहेब, ह्ये झालं कशानं. कस्तुराबाई उभ्या होत्या, चार रोगी होते. माझ्या तोंडून प्रश्न गेला. घरी पाय धुवायला पाणी कोण देतं?

एवढाच. सगळ्यांनी कस्तुराबाईंकडे पाहिलं. लिंबाजीराव काही बोलायला लागले होते, मी त्यांना पडून राहायला सांगितलं.

मी खोटं बोललो नाही. विचारलं फक्त. रजिस्टरात लिहिलं, कारण, घरी ऊन पाणी. पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. संध्याकाळी ते खोडलं.

भाद्रपद वद्य १२

मध्ये लिहिलं नाही. करंगळी काळी पडली, मग शेजारचं बोट, मग चवडा. रोज दोनदा धुतलं, कापलं, बांधलं. ओढ्याला पाणी होतं, डॉक्टरसाहेबांचा एक बाजार चुकला. आज आले. दारातच थांबले. वास तिथवर होता.

मला बाजूला घेऊन विचारलं, शेक दिला होता का. मी म्हटलं रजिस्टर आहे साहेब. त्यांनी रजिस्टर वाचलं, कस्तुराबाईंकडे बघितलं. त्यांच्यावर रागावले नाहीत, उलट हळूच म्हणाले की आई, चूक कोणाकडूनही होते. त्या खाली बसल्या.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. हलवण्याइतका वेळ राहिला नाही म्हणाले. माझ्याच सागवानी टेबलावर. मी पाय धरला होता आणि तो सुटून माझ्या हातात आला. मोजायची सवय वाईट. पाच शेर भरेल, असं मनात येऊन गेलं.

भाद्रपद वद्य ३०

परवा लिंबाजीराव गेले. शुद्धीत शेवटचं बोलले ते मला. "कंपोंडर, पायाला गार लागायलंय." कुठला पाय, ते विचारलं नाही.

कापलेला पाय चुन्यात ठेवला होता. आश्रुबा मागायला आला, चितेवर शरीर पुरं जावं म्हणून. फडक्यात बांधून दिला. म्हणजे सगळं एकत्र गेलं. मागे काही राहिलं नाही.

आश्विन शुद्ध १३

तेरावा उरकला. कस्तुराबाई आज एकट्याच आल्या, दाराशी बसल्या. घरात आता त्यांच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. आश्रुबा त्यांच्याशी बोलत नाही, सून ताट लांबून सरकवते. गावात बायका म्हणतात, नवऱ्याला उकडून मारला.

त्यांनी मला सरळ विचारलं. दादा, माझ्या हातचं पाणी लय कढत व्हतं का? मी रोज हात घालून बघत हुते. एका दिसाला चुकलं आसंल का?

सांगायचंच ठरवलं होतं. सांगणार होतो. ओसरीवर किशनराव उभे होते.

होतं असं कधी कधी, म्हणालो.

त्यांनी उजवा हात समोर धरून उलटसुलट बघितला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मग उठून गेल्या.

त्या रोज हात घालून बघत होत्या. रोज.

आश्विन वद्य १

सकाळी फरशी धुतली. अर्ध्या तासात वाळली, एक जागा सोडून. दारापासून तिसऱ्या लादीवर ओला पाय. एकटा उजवा. रोगी अजून कोणी आलेला नव्हता. माझाच असेल म्हणून शेजारी पाय ठेवून बघितला. माझा दहा इंच पाव.

पुसला. वाळला नाही. पट्टी आणून मोजला. नऊ इंच तीन पाव.

आश्विन वद्य २

आज चौथी लादी.

फळीवरून उजवं कलबूत काढलं आणि ओल्या पायावर ठेवलं. सांधा न सांधा बसला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेशी बारीक टोकदार खाच, जिथे काटा होता.

काटा मी कलबुतात कोरला नव्हता.

आश्विन वद्य ५

सातवी लादी. दहाच्या सुमाराला भिंतीच्या सांध्यातून मुंग्या आल्या. ओळीने आल्या आणि पायाच्या ठशात भरल्या, काठापर्यंत. काठाबाहेर एकही नाही. फरशीवर काळा पाय उमटला. तो काळा रंग मी पाहिला आहे, चवड्यापासून वर चढताना.

राख टाकली, घासलेट ओतलं. दुपारी पुन्हा होता. पाय एकच आहे, पण पावलं पुढे पडताहेत. एका पायावर माणूस उडी मारत येईल तर आवाज यायला हवा. आवाज नाही.

दाराकडून बाकाकडे चालला आहे. अजून चार लाद्या.

आश्विन वद्य ८

पलीकडच्या वस्तीवरची बायनाबाई गुडघ्याचं औषध मागायला आली. म्हातारी, या गावात तिची ओळखदेख नाही. आत पाऊल टाकलं आणि एकदम डोक्यावरचा पदर पुढे ओढून, अंग चोरून बाजूला झाली, वडीलधारा माणूस समोर असला की बायका होतात तशी. म्हणाली, मी भाईर बसते. म्हातारबाचं शेकून होऊ द्या.

बाक रिकामा होता. मी म्हटलं कोण म्हातारबा. ती हसली. "आवं, ते काय, पेटीत पाय घालून बसलेत. तुमच्याकडंच बघायलेत." मग तिने बाकाकडे नीट पाहिलं. औषध न घेता गेली.

पेटीत निखारा नव्हता. लिंबाजीराव गेल्यापासून पेटी पेटवलेली नाही.

जाळीवर कोपर टेकवलं. चटका बसला. कातडी लाल झाली. म्हणजे कोपराला कळतं. कोपराला अजून कळतं.

आश्विन वद्य ११

पेटी उचलून मागच्या खोलीत टेबलाखाली ठेवली, वर घोंगडी टाकली. आज दार उघडलं नाही. रोगी हाका मारून गेले.

माझ्या मोरीत मुंग्या आहेत.

निळं औषध काढलं. आठ थेंब. थेंब मोजायला चुकलो असेन म्हणून दुसऱ्यांदा केलं. दोन्ही नळ्या समोर आहेत. दोन्ही विटेसारख्या लाल.

तहान किती दिवसांपासून लागते आहे, आठवत नाही. दोन महिने असेल. मला कळायला हवं होतं. दुसऱ्याची तहान मी वहीत लिहीत होतो.

आश्विन वद्य १३

डोळे बांधले. पीस स्वतःच फिरवलं. काही नाही. वर, आणखी वर. घोट्यापर्यंत काही नाही.

मग कोणीतरी पीस माझ्या हातातून हळूच घेतलं.

फडकं सोडलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पीस फरशीवर, बाकाच्या बाजूला. बाक पुढच्या खोलीत ठेवला होता मी. आता इथे आहे.

डाव्या तळव्यात टाचणी होती. पट्टीची. मोडलेली. कधी गेली—

कार्तिक शुद्ध १

आश्रुबाकडे जायला निघालो. सगळं सांगायचं, मग जे होईल ते. उंबऱ्यापाशी पाय थांबले. पुढे टाकतो म्हटलं तरी टाकता येईनात, बाजूला मात्र येतात. मागे येतात.

किशनरावांचा गडी सांगून गेला. उद्या भाऊबीज, कस्तुराबाईंचा भाऊ पेडगावहून आला आहे. ओवाळून घ्यायला नाही. बहिणीला कायमची न्यायला. आश्रुबाने भांडीकुंडी सुद्धा बांधून दिली. उद्या दुपारी गाडी दवाखान्यावरूनच जाणार.

म्हणजे उद्या दुपारपर्यंत. दारात उभं राहून ओरडलं तरी पुरे.

कार्तिक शुद्ध २

दुपार व्हायला आली. बाहेर ऊन. टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली—

लिहिता लिहिता पायांकडे लक्ष नव्हतं. पाय टेबलाखाली. पेटी टेबलाखाली.

घोंगडीची किनार गुडघ्याखाली लागते. पाय आत आहेत. दोन्ही. मी घातले नाहीत.

उठता येत नाही. गुडघ्यांवर वजन आहे, कोणी दोन्ही हात टेकून वाकून बघत असावं तसं. दिसत नाही कोणी. श्वास लागतो. गुळाचा वास.

विचारतंय. माझ्याच आवाजात. सोसतंय का.

मी म्हटलं काढा. म्हटलं लागतंय, लागतंय— पण लागत नाही. खरंच काही लागत नाही. त्याला माहीत आहे.

घुंगरं. गाडी बाजारात आली. हाक मारली. दोनदा. आवाज खोलीतच राहतो. गाडीवान कोणाशी तरी बोलतोय. कस्तुराबाईंचा खोकला. एवढ्या जवळ.

वास बदलला. खाली बघत नाही. हा वास मला माहीत आहे—

आश्रुबा, हे तुला. वही किशनराव तुला देतील. पाणी तुझ्या आईचं नव्हतं. ती रोज हात घालून बघत होती. पेटी माझी, निखारे माझे, दुसरं फावडं माझं. कोपर लावलं नाही. कोटासाठी. तिला गाडीतून उतरव. आधी तिला उतरव, मग पुढचं वाच.

फावडं सरकलं. खालच्या खणात. दुसरं—

आणखी एक आहे. ते तिलाही माहीत नाही, तुला माहीत आहे पण उलटं माहीत आहे. भाद्रपद वद्य चारला, करंगळी नुकतीच काळी पडली होती तेव्हा, तू एकटा आला होतास. म्हणालास, साहेब, बाबाला रेल्वेने हैदराबादला नेऊ, त्या सुईच्या दवाखान्यात, आमाला तिथलं काई वाचता येत न्हाई, तुमी फक्त संगं चला. मी पैशाला हात लावला नाही म्हणून तू गावभर माझा मोठेपणा सांगितलास. मोठेपणा नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघताच ओळखलं असतं, भाजलं कशाने ते. वेळ होता तेव्हा. पाय राहिला असता, निदान माणूस— तू धोतराच्या सोग्यातून काढून टेबलावर ठेवलेस ते एकशे चाळीस रुपये, निजामी हाली शिक्क्याचे, आणि मी ते तुझ्याकडे सरकवून म्हणालो की एवढ्याशा फोडाला हैदराबाद कशाला, मी आहे ना, तू नुसता—